चिडण्याआधी

कोल्हापुरात पेठेचा फुटबॉल सामना बरोबरीत असताना बदलीच्या फलकावर इंद्रजितचाच नंबर झळकला.

"दमलो नाही, लागलं नाही, मग मला का काढलं?" त्यानं कोच सरनोबतांना विचारलं.

"तुझ्या मानेतली चिप म्हणती, थोड्या वेळात तुझं डोकं फिरणार. लाल कार्ड परवडायचं नाही."

"सर, त्यांच्या बॅकनं जर्सी फाडली, तरी मी हसलोच की."

"यंत्र चुकत नसतंय. बस खाली."

त्याच्या जागी गेलेल्यानं गोलसमोरचा मोकळा चान्स घालवला. समोरच्या पेठेनं शिट्ट्यांनी स्टेडियम डोक्यावर घेतलं. न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा भोगणाऱ्या इंद्रजितच्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि त्यानं पाण्याचा कॅन लाथेनं उडवला.

सरनोबतांनी समाधानानं मान डोलावली. "बघ, चिप म्हणाली होती का नाही?"