मधली जागा

“पाहुणा जायला निघतो आणि मग उंबऱ्यातच अर्धा तास बोलत उभा राहतो. का बरं?”

एवढं म्हणून ऋतुजा थांबली. सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या तिच्या खोलीत गल्लीचा आवाज फार, म्हणून दोन चादरी डोक्यावरून घेऊन ती मोबाइलमध्ये बोलत होती. पुढचं वाक्य मनात माहेरच्या, मंद्रूपच्या बोलीत तयार होतं. ‘हाय’चं ‘आहे’ आणि ‘कुटं’चं ‘कुठे’ करायला तिला वेळ लागायचा. जुळलं की बोलायची, मग पुन्हा थांबायची.

पॉडकास्टचं नाव तिनं ‘का बरं?’ ठेवलं होतं. लहानपणापासून तिला असले प्रश्न पडायचे. शाळेत बाई वैतागायच्या, घरी आई. आता कुणी वैतागायला समोर नव्हतं. ऐकणारेही फारसे नव्हते.

तिचा दीर अमरेश लग्नाचे व्हिडिओ करायचा. त्यानं एक भाग ऐकला आणि सांभाळूनच सांगितलं, “वैनी, प्रश्न झकास आहेत. पण मधे मधे आवाज बंद पडल्यासारखं वाटतं. तेवढ्यात माणूस दुसरीकडं जातो.” मोकळ्या जागा कशा कापायच्या ते त्यानं मोबाइलवरच दाखवलं. ऋतुजानं पुढचे भाग तसे कापले. बोलणं एकदम पळायला लागलं. ती दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसायची. तिथल्या मुली म्हणाल्या, अगदी रेडिओसारखं वाटतंय. आपल्याला आपली पद्धत सापडली, असं तिलाही वाटलं.

त्याच सुमारास ती दोन दिवस माहेरी मंद्रूपला गेली. वडील, आप्पा, मेंढरं घेऊन माळावर होते. आई राजाबाई भाकरी बांधत होती. ऋतुजा म्हणाली, मीच नेऊन देते.

आप्पांशी तिचं दर रविवारी फोनवर बोलणं व्हायचं. म्हणजे बोलायची ती. दवाखान्यातली गंमत, सासूचा गुडघा, नळाला न आलेलं पाणी, सगळं एका दमात. शेवटी आप्पा म्हणायचे, “बरं हाय न्हवं? ठेवतो मग.” मेंढरांशी दिवसभर बोलणारा हा माणूस आपल्याशी दोन शब्दांत का आटपतो, हे तिला कधी उमगलं नव्हतं. स्वभाव, म्हणून तिनं सोडून दिलं होतं.

माळावर बाभळीपाशी पोचली तर पलीकडून तिचाच आवाज आला. आप्पा पाठमोरे बसले होते. मोबाइल मांडीवर. पाहुण्यांचाच भाग लागला होता. तिचा आवाज म्हणाला, का बरं? आणि थांबला.

“जायाचं नसतंय म्हणून,” आप्पा म्हणाले. “बोलायचं ऱ्हाऊन गेल्यालं असतंय, आन् पाय निगत न्हाय. तुजी आत्या अशीच उभी ऱ्हायची बग.”

मोबाइलमधली ऋतुजा पुढचं सांगू लागली. आप्पांनी मान हलवली. ती पुन्हा थांबली, आणि आप्पा पुन्हा बोलले. आत्याबद्दल, तिच्या लग्नाबद्दल, ती शेवटची आली होती त्या दिवसाबद्दल. बाभळीआड उभ्या ऋतुजानं त्यातलं काहीच कधी ऐकलं नव्हतं. भाकरीचं फडकं हातात धरून ती श्वास रोखून ऐकत राहिली.

तो भाग संपला आणि नवा सुरू झाला. कापलेला. प्रश्न आला. आप्पांनी तोंड उघडलं, पण उत्तरही आलंच. पुढच्या प्रश्नाला तेच झालं. तिसऱ्यांदा त्यांनी हात जरासा वर केला, एखाद्याला थांब म्हणावं तसा. मग मोबाइल बंद करून बंडीच्या खिशात टाकला आणि मेंढरांकडं बघत बसले.

ती पुढं झाली. आप्पा म्हणाले, “कवा आलीस?” एसटी कशी उशिरा आली, शेजारी कोण बसलं होतं, आईनं आज भाकरीबरोबर काय दिलंय, ती सांगत सुटली. आप्पा गुमान जेवले. ऐकल्याचं तिनं काही दाखवलं नाही. आप्पांना अवघडल्यासारखं झालं असतं.

सोलापुरात परतल्यावर तिनं नवा भाग केला. या वेळी ‘हाय’चं ‘आहे’ केलं नाही. म्हणाली, “दिवसभर मेंढरांशी बोलणारा माणूस लेकीचा फोन आला की गप का हुतो? का बरं?” आणि रेकॉर्डिंग चालू ठेवून थांबली. एखाद्याला सावकाश बोलून होईल इतका वेळ. उत्तर दिलंच नाही. अमरेशनं ऐकून विचारलं, उत्तर कुठाय? ती म्हणाली, मला माहीत नाही. तो जरा घुटमळला, पण कापा म्हणाला नाही.

दोन दिवसांनी दुपारी दवाखान्यात तिचा फोन वाजला. आप्पांचा. आप्पा स्वतःहून कधी फोन करत नसत. समोर गाल सुजलेली एक बाई कुठला दात दुखतो ते खुणेनं दाखवत होती. ऋतुजानं कसंबसं “हं, आप्पा” म्हटलं, फोन खांद्यात धरला आणि त्या बाईचं नाव लिहू लागली. तिला दुसरं काही बोलताच येईना.

तिकडं वारा वाजत होता. एक मेंढरू ओरडलं. बराच वेळ गेला.

“त्या तुज्या सवालाचं म्हणतूय मी,” आप्पा सावकाश म्हणाले. “बोलायचं लई असतंय. पर फोनवर तू थांबतीस कुटं, पोरी?”