शेवटचं पान

करी रोडच्या चाळीत गुप्तहेराची एक चित्रकथा घरोघर फिरे. पानोपानी मुडदे, तरी वाचणारा पोट धरून हसे. हसू फुटेल तिथे खूण करायची, असा रिवाजच होता. कालिंदीचा धाकटा भाऊ दिगंबर जांभळी पेन्सिल जिभेला लावून खूण करी. बाविसावं पान संपवून तो संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाला गेला आणि गोळीला बळी पडला. पेन्सिल तिने चितेवर ठेवली.

तेराव्यानंतर शेजारच्या रमाकांतने पुस्तक आणलं. "ताई, तेविसाव्यावर ही जांभळी खूण कोणाची? ओली आहे अजून."

मग रोज एक पान पुढे, रोज ओली खूण.

शेवटचं पान उरलं तेव्हा कालिंदीने ते फाडून पदराच्या गाठीत बांधलं. "नाही देणार, दिगंबर. वाचून संपलं की तू यायचा नाहीस."

रिकाम्या खोलीत कोणीतरी तिचा पदर हळूच ओढला.