काकूंना चालणारी क्रीम

"ही ती क्रीमच नव्हे!" शिवणवाल्या काकूंनी औषधाच्या दुकानात काउंटरवर डबी आपटली. "हाताला चिकटते, वासही वेगळा. नकली माल विकता होय?"

दुकानदाराने डबी उलटीसुलटी करून पाहिली. माल अस्सल होता. पण काकूंना ते सांगणार कोण? सुती कापडात एखादा धागा नायलॉनचा असला, तरी त्यांच्या बोटांना कळायचं. आजवर आपल्याला कुणी फसवू शकलेलं नाही, असं त्या छातीठोकपणे सांगायच्या आणि ऐकणारे मान डोलवायचे. न डोलवून जातात कुठे!

"काकू, कंपनीने फॉर्म्युला बदललाय."

"कधी?"

"झाली की बरीच वर्षं."

"काहीतरीच! गेल्या महिन्यापर्यंत मी जुनीच लावत होते. हे आणून द्यायचे."

'हे' म्हणजे काका, निवृत्त कंपाउंडर. गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांनी अंथरूणच धरलं. चाला, नाहीतर पाय कायमचा आखडेल, असं डॉक्टर बजावत होते. काका भिंतीकडे तोंड करून म्हणायचे, "चालून जायचंय कुठे? घर तूच चालवतेस. माझ्यावाचून कुणाचं काय अडलंय?" काकूंनी समजावलं, दटावलं, रडूनही पाहिलं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

दुकानदार जरा घुटमळला. "काका नवीच क्रीम न्यायचे. सोबत ग्लिसरीन आणि बदामतेल. तुम्ही शिवणाच्या क्लासला गेलात की खलात घोटून जुन्या डबीत भरायचे. तिच्या हातांना दुसरं काही सोसत नाही, म्हणायचे. तुम्हाला सांगायचं नाही, अशी शपथ घातली होती मला."

काकूंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मग हसू फुटलं. चांगलंच गंडवलं की म्हाताऱ्याने!

घरी येताच त्यांनी डबी काकांपुढे ठेवली.

"बघा, मेल्यांनी परवा फॉर्म्युला बदलला म्हणे. इतकी दुकानं धुंडाळली, जुनी कुठेच मिळेना. बोटांना भेगा पडल्यात. रेशमाला हात लावायची सोय नाही."

काकांनी त्यांचा हात ओढून घेतला आणि एकेक बोट उलटसुलट पाहिलं.

"तुला नाही मिळायची," म्हणत त्यांनी दुखरा पाय पलंगावरून खाली सोडला. "तो वॉकर दे इकडे."