दुखलं तर हात वर करा

नेटवर टाकलेली त्याची गाणी आजवर घरच्यांशिवाय कुणी ऐकली नव्हती. मग त्यातलं एक अचानक चालायला लागलं. ऐकणारे रोज वाढत होते, तेही त्याच्याच गावातले. पण ओळख ना पाळख. गायक चक्रावून गेला.

त्यातच दाढ ठणकली. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या तोंडात कापूस कोंबला आणि स्पीकर लावला. त्याचंच गाणं!

"हे लावलं की भित्र्यातला भित्रा पेशंटही गपगुमान आ करतो बघा," बाई म्हणाल्या. "जाताना सगळे गाण्याचं नाव विचारून घेतात. हं, दुखलं तर हात वर करा."

त्याचे डोळे भरून आले. बोलायची सोय नव्हती. त्यानं दोन्ही हात वर केले आणि जोडले.

"अहो, हात काय जोडताय? अजून दाढेला बोटसुद्धा लावलं नाही मी!"