सहावं काडतूस

नावगाव न विचारता बंदुका जमा करून समोरच चेपतात म्हणूनच एतेल्विना रोसारिओ शहरातल्या सरकारी रांगेत उभी होती. माते-चहाच्या पुड्यातून तिने मेलेल्या नवऱ्याचं रिव्हॉल्व्हर काढलं. लेकाच्या हाती लागण्याआधी ते मोडायला हवं होतं. “काय आजी, नवऱ्याला धाकात ठेवायला होतं का?” कारकुनाने विचारलं. “त्याचंच ते. तो गेल्यापासून पेटीतच आहे.” कारकुनाने चक्र उघडलं. पाच काडतुसं शाबूत होती, सहाव्याच्या बुडाला ताजा खळगा होता. “हे उडालंय, आजी. असो, आम्ही विचारत नाही.” गेल्या रविवारी कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला कुणीतरी गोळी घातली होती, शेजारणीचा नवरा त्यासाठी कोठडीत होता. एतेल्विनाचा लेक त्या दिवशी जेवताना आवडत्या भाजलेल्या मांसाला शिवला नव्हता. कारकुनाने काडतुसं काढून रिव्हॉल्व्हर दाबयंत्राखाली सरकवलं. “थांब बाळा, नाव लिहून घे.” “कुणाचं?” तिने रिकाम्या पुड्याची घडी घातली. “माझ्या लेकाचं.”