बिनआवाजाचा पंखा

आकारामनं शेवटचा स्क्रू आवळला आणि गाडीतूनच हाक दिली, "आगं, ये हिकडं. ऐक तरी!"

सैन्यात चोवीस वर्षं गाड्या दुरुस्त करून तो हवालदार म्हणून निवृत्त झाला होता. गावी आल्या आल्या त्यानं एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली. आतली बाकडी काढून दोघांपुरता पलंग केला, शेगडी बसवली, छोटा फ्रीज बसवला. बनुबाईला साखरेचा आजार. तिचं इन्सुलिन गारच राहायला हवं. जिथं जिथं नोकरी झाली, तो सगळा मुलूख बायकोला दाखवायचा, हे त्यानं फार आधीच ठरवून टाकलं होतं. येत्या सोमवारी निघायचं होतं.

आणि ऐनवेळी फ्रीजमागचा पंखा जळाला. फ्रीजच्या पाठीची गरम हवा तो बाहेर फेकायचा. तो बंद पडल्यावर आत गारवा धरेना.

त्या एका पंख्यासाठी आकाराम तीनदा सांगलीला गेला. पहिला दमदार होता, पण घरघरायचा. दुसरा गाडीच्या बॅटरीवर चालेना. दुकानदार नाथाजी वैतागला. "हवालदार, फ्रीज गार झाला म्हंजे बास की! आवाजाचं काय घिऊन बसलाय?"

"बायकूची झोप लय सावध हाय गड्या. जरा खुट्ट झालं की उठून बसती."

तिसरा पंखा त्याच्या मनाजोगता मिळाला. चौकटीवरचा बाण बघून, वारं बाहेरच्या जाळीकडं जाईल असा त्यानं तो धरला. पत्रा थरथरू नये म्हणून चारी स्क्रूंना रबरी वॉशर घातले. वायर जोडली. पाती फिरायला लागली, तरी कान लावल्याशिवाय काही कळेना.

बनुबाई पदराला हात पुसत आली. पलंगाच्या कडेला टेकून घटकाभर ऐकत राहिली.

"आता लागंल का न्हाई झोप?" त्यानं हसून विचारलं.

"लागंल की. पर मी येत न्हाई."

त्याला वाटलं, ही आजाराला भितेय. "इन्सुलिन ऱ्हातंय गं आता गार..."

"त्ये न्हवं." ती पंख्याकडंच बघत बोलली. "माजी झोप सावध कशानं झाली, म्हायती हाय? पोरं तापानं फणफणायची. सासूबाई अंथरुणात. मी एकली. तुमची वाट बघून बघून एक दिस बघायची सोडली. मग घर माजं झालं, मळा माजा झाला. आता तुमी म्हंता, चल. गाडी केलीसा, मी बघत हुते. वाटलं, येतीस का म्हणून इचारतील कवा तरी."

आकारामच्या हातात स्क्रूड्रायव्हर तसाच राहिला. "म्या तर समदं तुज्यासाठीच..." ज्यानं साहेबापुढं कधी मान खाली घातली नव्हती, तो गाडीच्या फरशीकडं बघत बसला.

बनुबाई उठली. पायरी उतरून मागं वळली. तिच्या आवाजात रागसुद्धा नव्हता.

"तुमी जावा सोमवारी. भाकरी बांधून देते. आन् सुट्टीला येत जावा, पहिल्यासारखं."