हलकी फुंकर

"फुंका! फुंका! फुंका! अजून, अजून, अजून... बास."

श्वास मोजायच्या यंत्रावरच्या बाई खुर्चीत मागे टेकल्या. सकाळपासून ओरडून ओरडून त्यांचाच घसा बसला होता. समोरच्या काचवाल्याला मात्र साधी धापही लागली नव्हती. नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी आणि चेहऱ्यावर पहिला नंबर आल्यासारखं समाधान.

"कसं झालं?" नळी काढून त्याने विचारलं. चिमट्यामुळे आवाज गेंगाणा आला.

"काका, नाही जमलं. सगळी हवा एकदम बाहेर फेकायची. ही रेघ सुरुवातीलाच ताडकन वर जायला हवी. तुमची बघा, रमतगमत चाललीय. फिरायला निघालीय जणू!"

काचवाल्याचं तोंड एवढंसं झालं. थंडीत त्याच्या फुप्फुसाला सूज आली होती. बरा झाला, पण डॉक्टरांनी एकच धोशा लावला होता: आधी श्वासाची तपासणी, मग भट्टी. रेघ नीट आली तर पुन्हा काच फुंकायचं काम. नाही तर बसा जन्मभर खोकी भरत, दुसऱ्यांनी फुगवलेल्या बरण्या कागदात गुंडाळत. त्या खोक्यांच्या नुसत्या विचाराने त्याची झोप उडाली होती.

"पुन्हा एकदा," बाई म्हणाल्या. "तोफ उडवा तोफ!"

त्याने छाती भरून श्वास घेतला, नळीला ओठ लावले, डोळे बारीक केले आणि फुंकलं. संथ, सलग, हलकं. संपता संपेना. बाईंचं "अजून, अजून" संपलं, तरी याचं चालूच. रेघ पुन्हा आरामात टेकडी चढली.

"अहो, श्वास एवढा मोठा आहे तुमचा, मग जोर का लावत नाही?"

"लावला की!"

बाईंनी कपाळाला हात लावला. मग उठून दार उघडलं. बाहेर बाकावर काचवाल्याची बायको पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. "काकू, आत या. तुम्हीच समजवा यांना. असंच चाललं तर मला 'जमलं नाही' असंच लिहावं लागेल."

काकू आत आल्या आणि नवऱ्याकडे बघतच राहिल्या. "काय हो, घरी मी काय सांगितलं होतं?"

"तेच तर करतोय! भट्टीवर फुंकतो तसंच फुंका, म्हणालीस ना? तसंच फुंकतोय."

"अगं बाई!" काकूंनी जीभच चावली. "म्हणजे घोळ माझाच."

बाईंना काही कळेना. मग काकूंनीच सांगितलं. यांना भट्टीवर लावलं तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं. पहिल्याच दिवशी पठ्ठ्याने दम लावून फुंकलं आणि नळीच्या टोकाचा तापलेला काचेचा गोळा फटकन फुटला. वस्तादांनी सगळ्यांदेखत अशी कानउघाडणी केली की त्यानंतर यांची फुंकर कायमची मऊ झाली. "चहावर फुंकतात ना, तर वरची सायसुद्धा हलत नाही. लेकीचा गुडघा फुटला की ती माझ्याकडे यायचीच नाही, बाबांची फुंकर हवी म्हणायची."

"मग? काचच आहे ती," काचवाला पुटपुटला. "जोरात फुंकून कसं चालेल?" आणि मग एकदम हळू आवाजात, "मला भीती वाटते गं. हे नाही जमलं तर मी काय करू?"

काकूंनी पिशवी खाली ठेवली. त्याच्या समोर स्टूल ओढून बसल्या. चिमटा वाकडा झाला होता, तो त्यांनी नीट बसवला.

"ऐका. या नळीच्या टोकाला गोळा आहे असं समजा. तापलेला, लालबुंद."

"हं."

"फोडा तो."

काचवाला दचकला. त्याने बाईंकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, वस्ताद तिथे उभे असल्यासारखं. वस्तादांना जाऊन किती वर्षं झाली होती.

"मुद्दाम?"

"मुद्दाम. कोणी ओरडणार नाही. मी बसलेय ना इथे."

बाई एकदम सावरून बसल्या आणि त्यांनी यंत्राचं बटण दाबलं. "हं काका, भरा छाती. भरा, भरा, भरा... फोडा!"

त्याने फुंकलं. गाल फुगले नाहीत, डोळे बारीक झाले नाहीत. आख्खी छाती एका झटक्यात रिकामी झाली. खुर्ची करकरली. टेबलावरचे कागद उडाले. बाई "अजून, अजून" म्हणायचं विसरल्या आणि काकूच ओरडायला लागल्या, "सोडू नका! अजून! अजून!"

रेघ सरळ वर गेली होती. शिडी लावल्यासारखी.

"आली की हो!" बाईंचा बसलेला घसासुद्धा मोकळा झाला. "काका, छाती ठणठणीत आहे तुमची! अजून दोनदा असंच फुंका, मग डॉक्टर कशाला अडवतील? खुशाल जा भट्टीवर."

काकूंनी पदराने डोळे पुसले आणि लगेच नवऱ्याचा घामही त्याच पदराने पुसला. काचवाला लालबुंद झाला होता, धापा टाकत होता. आयुष्यात पहिल्यांदा फुंकून त्याला धाप लागली होती, आणि हसू आवरत नव्हतं.

"फुटला?" त्याने गेंगाण्या आवाजात विचारलं.

"चक्काचूर," काकू म्हणाल्या. "खाली काचाच काचा."

त्याने घाईघाईने दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून घेतले.